ऋणको, धनको व तिऱ्हाईत

एका व्यापाऱ्याचें दिवाळें निघालें. दुकान, घर, दागिने, सारें विकून सावकारांना रुपयामागें तीस पैसे मिळाले, आणि न्यायालयानें बाकीच्या देण्यांतून त्याला मोकळें केलें. पुढें दहा वर्षांनीं त्याच मनुष्याला पुन्हा बरे दिवस आले. आतां त्यानें तें जुनें, कायद्यानें बुडालेलें देणें फेडावें कीं नाहीं? कायदा म्हणतो, फेडण्याचें कारण उरलें नाहीं. व्यवहारी शेजारी म्हणतो, जें कोणी विचारीत नाहीं तें उकरून कशाला काढावें? पण त्या मनुष्याचें मन काय म्हणतें? आणि ज्या सावकाराचे रुपयामागें सत्तर पैसे बुडाले, त्याचें मन काय म्हणतें?

हा प्रश्न कोणत्याहि समाजांत उद्भवणारा आहे. परंतु ख्रिस्ती समाजांत त्याला विशेष धार आली. कारण त्या धर्माच्या ग्रंथांत दोन आज्ञा शेजारीं शेजारीं नांदतात. एक सांगते कीं घेतलेलें परत करावें, कोणाचें कांहीं देणें ठेवूं नये. दुसरी सांगते कीं आपलें कोणाकडे येणें असेल तर तें सोडून द्यावें. वरवर पाहतां या आज्ञा एकमेकींच्या उलट आहेत. पहिली पाळावी तर माफीला जागा राहत नाहीं, आणि दुसरी पाळावी तर फेडीला अर्थ राहत नाहीं. हा पेंच त्या समाजानें कसकसा सोडविला, आणि कोठें कोठें सोडवितां सोडवितां अधिकच आवळला, याचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

आरंभ ख्रिस्ताच्याहि पूर्वीं, यहुदी लोकांच्या नियमशास्त्रापासून केला पाहिजे; कारण ख्रिस्ती धर्मानें तो ग्रंथ जुना करार म्हणून आपल्या शास्त्रांत सामावून घेतला आहे. ऋणकोची जी काळजी त्या शास्त्रांत वाहिलेली आढळते ती पाहून आश्चर्य वाटतें. आपल्या लोकांतील गरिबाला पैसे दिले तर व्याज घेऊं नये. दळण्याचें जातें गहाण घेऊं नये. जातें गेलें कीं त्या घरांतील चूल थंडावली. गरिबाचें पांघरूण तारण म्हणून घेतलें असेल तर दिवस मावळण्यापूर्वीं तें परत करावें. तारण घेण्यासाठीं सावकारानें ऋणकोच्या घरांत शिरूं नये. बाहेर उभें राहावें, आणि ऋणको स्वतः आणून देईल ती वस्तु घ्यावी. ज्यानें एखाद्या घरावर आलेली जप्ती डोळ्यांनीं पाहिली आहे, त्याला उंबरठ्याबाहेर उभें राहण्याच्या या नियमाचें मोल सांगावयास नको. याशिवाय दर सातव्या वर्षीं कर्जें सोडून द्यावीं, आणि पन्नासाव्या वर्षीं, ज्याला योबेल म्हणत, विकलेली वडिलार्जित जमीन मूळ कुटुंबाला परत मिळावी, असाहि दंडक होता.

पण याच शास्त्रानें ऋणकोला मोकळें रान दिलेलें नाहीं. उसनें घेऊन परत न करणाऱ्याची गणना तेथें दुष्टांत केली आहे. अलीशा या संदेष्ट्याची एक कथा आहे. एका विधवेच्या नवऱ्याचें कर्ज राहिलेलें होतें, आणि सावकार तिचे दोन मुलगे दास म्हणून न्यावयास आला होता. तिच्या घरांत तेलाच्या एका कुपीखेरीज कांहीं नव्हतें. अलीशानें तिला शेजारणींकडून रिकामीं भांडीं मागून आणावयास सांगितलें, आणि त्या एका कुपींतून सारीं भांडीं भरलीं. इथपर्यंत कथा चमत्काराची आहे. परंतु तिचा शेवट हिशेबाचा आहे. अलीशा त्या बाईला सांगतो कीं तेल विकून प्रथम कर्ज फेडावें आणि उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करावा. देवानें चमत्कार केला, पण सावकाराचा पैसा बुडविला नाहीं.

सातव्या वर्षाच्या माफीचा अनुभव मात्र निराळा आला. सातवें वर्ष जवळ आलें कीं पैसेवाले लोक गरिबांना कर्ज देईनासे होत. नियमशास्त्रानें या वृत्तीविषयीं आधींच ताकीद दिलेली होती. पण ताकिदीनें थैली उघडत नाहीं. अखेरीस ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या शेवटीं शेवटीं हिल्लेल नांवाच्या थोर यहुदी पंडितानें एक तोड काढली. सावकारानें आपलें येणें न्यायसभेच्या हवालीं केल्याचा लेख करून ठेवावा, म्हणजे तें सातव्या वर्षींहि वसूल करतां येई. या लेखाला प्रोझबूल म्हणत. गरिबांच्या हितासाठीं केलेल्या माफीच्या नियमाला गरिबांच्याच हितासाठीं वळसा घालावा लागला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतर ख्रिस्ताचा काळ येतो. ख्रिस्तानें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तींत क्षमेची याचना आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत या ठिकाणीं जो ग्रीक शब्द आला आहे त्याचा मूळ अर्थच देणें असा आहे, आणि मराठी बायबलांतहि तेथें ऋण हाच शब्द योजिला आहे. देवाकडे आपल्या ऋणाची माफी मागणाऱ्यानें आपल्या ऋणकोंना माफ केलेलें असावें, असा तिचा आशय. याच विचाराचा विस्तार एका प्रसिद्ध दृष्टांतांत आहे. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तलांत येणें होतें. राजानें त्याला बायकामुलांसह विकण्याचा हुकूम केला, तेव्हां त्यानें पायां पडून मुदत मागितली. राजाला दया आली आणि त्यानें सारें कर्जच सोडलें. तोच चाकर बाहेर पडतो, आणि शंभर दीनारांसाठीं आपल्या सोबत्याचा गळा धरून त्याला तुरुंगांत घालतो.

या दोन रकमांचें गणित मांडून पाहण्यासारखें आहे. एक दीनार ही त्या काळीं मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तलांत म्हणजे सुमारें सहा हजार दीनार. म्हणजे पहिल्याचें देणें सहा कोटि दीनारांचें झालें. वर्षांत तीनशें दिवस काम धरलें तरी तें फेडावयास एका मजुराला दोन लक्ष वर्षें लागलीं असतीं. दुसऱ्याचें देणें अवघ्या चार महिन्यांच्या मजुरीचें होतें. दृष्टांताचा रोख येथें उघड होतो. पण त्यांतील एक बारकावा सहसा लक्षांत येत नाहीं. दोघांपैकीं एकहि ऋणको माफी मागत नाहीं. दोघेहि मुदत मागतात आणि सारें फेडूं म्हणतात. माफीचा शब्द निघतो तो राजाच्या तोंडून.

ख्रिस्तानंतर पौलानें रोम येथील मंडळीला लिहितांना कोणाचें देणें ठेवूं नये असें बजावलें. त्याच पौलाचें एक अगदीं छोटें पत्र फिलेमोन नांवाच्या गृहस्थाला लिहिलेलें आहे. फिलेमोनाचा अनेसिम नांवाचा दास पळून पौलाकडे आला होता. पौलानें त्याला पत्र देऊन परत पाठविलें, आणि लिहिलें कीं याच्याकडे कांहीं येणें असेल तर तें माझ्या खात्यावर मांडावें, मी फेडीन. हें वाक्य त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलें आहे. पौल येथें ऋणकोहि नाहीं आणि धनकोहि नाहीं. तो तिऱ्हाईत आहे, आणि तरीहि दोघांच्या मध्यें येऊन उभा राहतो.

श्रोतेहो, माझ्या मतें त्या पेंचाची उकल या तीन गोष्टींत आहे. फेडीचा धडा ऋणकोला दिलेला आहे, माफीचा धडा धनकोला दिलेला आहे, आणि हातभार लावण्याचा धडा तिऱ्हाइताला दिलेला आहे. ज्यानें त्यानें आपापला धडा गिरवावा, म्हणजे दोन आज्ञांत विरोध राहत नाहीं. घोटाळा होतो तो जो तो दुसऱ्याचा धडा मोठ्यानें म्हणूं लागला म्हणजे. धनको ऋणकोला फेडीचें शास्त्र ऐकवितो, ऋणको धनकोला माफीचें शास्त्र ऐकवितो, आणि तिऱ्हाईत दोघांनाहि उपदेश करून घरीं जातो. पुढचा सारा इतिहास या घोटाळ्याचा, आणि तो निस्तरणाऱ्या थोड्या माणसांचा आहे.

मध्ययुगांत ख्रिस्ती धर्मपीठानें प्रथम धनकोला आवरलें. ३२५ सालच्या निकीया येथील धर्मपरिषदेनें धर्मोपदेशकांना व्याज घेण्याची मनाई केली. ११७९ च्या लॅटरन परिषदेनें उघड सावकारी करणाऱ्यांना धर्मसंस्कार आणि ख्रिस्ती रीतीचें दफन नाकारलें. दुसऱ्या बाजूनें, घेतलेलें परत केल्यावांचून पश्चात्ताप खरा नव्हे, हा सिद्धान्त ऑगस्टीन या धर्माचार्यानें पांचव्या शतकाच्या आरंभींच एका पत्रांत मांडला होता. परंतु त्यानें त्यांत एक अट घातली होती, ती महत्त्वाची आहे. परत करणें शक्य असून जो करीत नाहीं त्याचाच पश्चात्ताप तो खोटा समजतो. ज्याच्याजवळ कांहीं उरलेंच नाहीं त्याच्यावर हा दोष येत नाहीं. शक्य असूनहि न देणें आणि शक्य नाहीं म्हणून न देणें, हा भेद पुढें हजार वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या ध्यानांत आला नाहीं.

तो ध्यानांत आणून देण्याचा एक जुना प्रयत्न इटलींतील पादुआ नगरांत झाला. गोव्यांतील आणि वसईकडील कॅथलिक घरांत ज्याचें नांव नित्य घेतलें जातें तो संत अँथनी १२३१ सालीं तेथें उपवासकाळाचीं प्रवचनें करीत होता. कर्जासाठीं तुरुंगांत कुजणारीं माणसें त्यानें पाहिलीं आणि नगरसभेपाशीं रदबदली केली. त्या वर्षीं १५ मार्चला नगरानें नियम केला कीं जो ऋणको आपली सारी मालमत्ता सावकारांच्या हवालीं करील त्याला तुरुंगांत टाकूं नये. पुढें तीन महिन्यांतच अँथनी वारला. त्या नगरांत नंतर असा रिवाज पडला कीं नादार मनुष्यानें भर सभेंत केवळ अंगांतल्या वस्त्रानिशीं एका दगडावर तीन वेळां बसावें आणि आपण सर्वस्व सोडल्याचें मोठ्यानें सांगावें. अप्रतिष्ठेचा तो काळा दगड पादुआच्या जुन्या न्यायमंदिरांत अजून दाखवितात. शिक्षा अपमानाचीच होती; परंतु दगडावरून उठलेला मनुष्य मोकळ्या हवेंत कामधंदा शोधावयास जाऊं शकत होता. याच नगरांत १३०५ च्या सुमारास स्क्रोवेन्यी नांवाच्या सावकारी घराण्यांतील एका पुत्रानें सुंदर प्रार्थनामंदिर बांधून ज्योत्तोकडून तें रंगविलें. वडिलांच्या व्याजबट्ट्याचें पाप धुऊन निघावें हा त्यांतला हेतु असल्याचें परंपरा सांगते.

तिऱ्हाइताचें कामहि इटलींतच प्रथम संस्थेच्या रूपाला आलें. १४६२ सालीं पेरुजा येथें फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेनें गरिबांसाठीं धर्मादाय गहाणपेढी निघाली. वस्तु गहाण ठेवून थोडी रक्कम मिळे, आणि पेढीचा खर्च भागेल इतकेंच व्याज घेत. हेंहि व्याजच, म्हणून पापच, असा आक्षेप इतर साधूंनीं घेतला. तो वाद १५१५ सालीं धर्मपरिषदेनें पेढ्यांच्या बाजूनें मिटविला. या चांगल्या कामाला एक काळी किनार आहे, तीहि सांगितली पाहिजे. या पेढ्यांचा प्रचार करणाऱ्या प्रवचनकारांपैकीं कित्येकांनीं यहुदी सावकारांविरुद्ध द्वेष पसरविला, आणि त्याचीं फळें त्या लोकांना भोगावीं लागलीं.

आतां इंग्लंडकडे वळूं. कारण आपल्या देशांतील नादारीचा कायदा तेथूनच आला आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५४२ सालीं, दिवाळखोरीचा पहिला कायदा झाला. त्यांत दिवाळखोराला सरळ गुन्हेगार म्हटलें आहे. लोकांचा माल घेऊन पळून जाणारा किंवा घरांत दडून बसणारा लुच्चा, एवढेंच त्याचें चित्र कायद्यापुढें होतें. प्रामाणिक मनुष्याचेंहि जहाज बुडूं शकतें, ही कल्पना कायद्यांत शिरावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. १७०५-०६ च्या कायद्यानें प्रथमच असें ठरविलें कीं जो दिवाळखोर आपली सारी मालमत्ता प्रामाणिकपणें दाखवून देईल त्याची बाकीच्या देण्यांतून सुटका व्हावी. त्याच कायद्यानें लबाडी करणाऱ्या दिवाळखोराला फांशीची शिक्षा ठेविली. शिवाय ही सवलत फक्त व्यापाऱ्यांना होती. शिंपी, मजूर, लेखक, पाद्री अशा साध्या ऋणकोंच्या वांट्याला तुरुंगच होता.

या तुरुंगाचा न्याय विलक्षण होता. ज्याच्याजवळ पैसा नाहीं म्हणून त्याला कोंडावयाचें, आणि कोंडल्यावर राहण्याचें भाडें त्याच्याकडूनच घ्यावयाचें. बाहेर जाऊन कमवावें तर दार बंद, आंत राहावें तर देणें रोज वाढतें. लंडनच्या फ्लीट तुरुंगांत रॉबर्ट कॅसल नांवाचा एक शिल्पशास्त्रज्ञ कर्जापायीं पडला होता. तुरुंगाधिकाऱ्याची पट्टी त्याला भरतां येईना, तेव्हां देवीची सांथ असलेल्या घरांत त्याला ठेवण्यांत आलें, आणि १७२८ च्या अखेरीस तो तेथेंच देवीनें मेला. त्याचा मित्र जेम्स ओगलथॉर्प हा पार्लमेंटाचा सभासद होता. त्यानें १७२९ सालीं चौकशी समिति नेमवून तुरुंगांतील अनाचार उघड्यावर आणला. अमेरिकेंत जॉर्जिया ही वसाहत काढण्याची कल्पनाहि अशा सुटलेल्या ऋणकोंना नवें आयुष्य मिळावें म्हणूनच निघाली, आणि १७३२ सालीं तिला सनद मिळाली. मात्र प्रत्यक्षांत असे ऋणको तेथें फार थोडे गेले.

धर्मोपदेशकांचीं घरेंहि या तुरुंगांतून सुटलीं नाहींत. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली दोन वर्षांचा असतांना, १७०५ सालीं, त्याचे वडील सॅम्युएल वेस्ली तीस पौंडांहूनहि कमी कर्जासाठीं लिंकनच्या किल्ल्यांत कैदेंत पडले होते. आईनें आपल्या बोटांतल्या अंगठ्या त्यांच्याकडे पाठविल्या. त्यांनीं त्या परत केल्या. पुढें १७४३ सालीं वेस्लीनें आपल्या अनुयायांसाठीं नियम केले, तेव्हां फेडण्याचा संभव दिसत नसतांना कर्ज काढणें किंवा उधार माल आणणें निषिद्ध ठरविलें. हा धडा ऋणकोचा आहे, आणि तो कर्ज काढल्यानंतर सुरू होत नसून काढण्यापूर्वींच सुरू होतो, हें त्या पंथानें ओळखलें होतें.

दुसरें उदाहरण अधिक करुण आहे. विल्यम डॉड हा लंडनमधील लोकप्रिय प्रवचनकार होता. किरकोळ कर्जासाठीं तुरुंगांत पडलेल्यांची सुटका करणारी एक संस्था १७७२ सालीं निघाली. चार-दोन पौंड भरून ती एकेका मनुष्याला घरीं पाठवी. त्या संस्थेसाठीं डॉडनें कळकळीचें प्रवचन केलें. पण त्याची स्वतःची राहणी मिळकतीपेक्षां फार मोठी होती. देणीं वाढत गेलीं, आणि १७७७ च्या फेब्रुवारींत त्यानें लॉर्ड चेस्टरफील्ड यांच्या नांवानें ४,२०० पौंडांचें खोटें खत केलें. प्रकार उघडकीस येतांच त्यानें बरीचशी रक्कम परत केली. हजारों लोकांनीं दयेचे अर्ज केले, डॉक्टर जॉन्सननीं त्याच्यासाठीं लेखणी झिजविली. परंतु २७ जूनला डॉड फांशीं गेला. तिऱ्हाइताचा धडा त्यानें उत्तम म्हटला होता. ऋणकोचा धडा त्याचा कच्चा राहिला.

आतां ज्या प्रश्नानें आपण आरंभ केला त्याला आपल्या आयुष्यानें उत्तर देणारा मनुष्य पाहूं. शाळेंत ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचलेल्यांना डॅनियल डीफो हें नांव नवें नाहीं. प्रस्थापित चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाच्या घरांत तो वाढला होता. कथाकार होण्यापूर्वीं तो व्यापारी होता. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धांत जहाजांच्या विम्यावर त्याला जबर ठोकर बसली, कांहीं धंदे त्याच्याच साहसानें बुडाले, आणि १६९२ सालीं १७,००० पौंडांचें देणें डोक्यावर घेऊन त्याचें दिवाळें निघालें. सावकारांनीं तडजोड करून ठराविक हिश्शावर समाधान मानलें. डीफोनें मात्र तडजोडीच्या बाहेर जाऊन फेड चालूं ठेविली. १७०६ सालीं त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, मोठ्या कुटुंबाचा भार सांभाळून त्यानें तें देणें ५,००० पौंडांच्या खालीं आणलें होतें.

याच डीफोनें १६९७ सालच्या आपल्या पुस्तकांत दिवाळखोरीच्या निर्दय कायद्यावर टीका केली होती, आणि १७०५-०६ च्या सुटकेच्या कायद्याचा त्यानें जोरानें पुरस्कार केला. यांत विसंगति नाहीं. ऋणको म्हणून स्वतः सारें फेडूं पाहणारा डीफो तिऱ्हाईत म्हणून दुसऱ्या ऋणकोंची सुटका मागत होता. स्वतःसाठीं कडक आणि दुसऱ्यासाठीं मवाळ, असें हें माप होतें. बहुधा जगांत याच्या उलट माप चालतें. त्याचा शेवट सुखाचा झाला असेंहि नाहीं. १७३१ सालीं तो वारला, तेव्हां एका जुन्या येण्याचा तगादा चुकविण्यासाठीं तो घरापासून दूर राहत असावा, असें चरित्रकार मानतात.

डीफोनें जें एकट्यानें केलें तें क्वेकर या लहानशा पंथानें सर्व सभासदांवर नियम म्हणून घातलें. क्वेकरांच्या दुकानांत एकच भाव असे, आणि त्यांच्या शब्दावर लोक पैसा ठेवीत. त्यामुळें कोणाचें दिवाळें निघालें तर तो साऱ्या पंथाला कलंक मानला जाई. अशा सभासदाची मंडळीकडून चौकशी होई. अविचारानें दुसऱ्याचा पैसा धोक्यांत घातल्याचें दिसलें तर त्याला पंथांतून काढून टाकीत. कायद्यानें किंवा तडजोडीनें सुटका झाली तरी पुढें ऐपत येतांच पूर्ण फेड केली पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. तशी फेड होईपर्यंत त्याच्याकडून मंडळीनें वर्गणीहि घेऊं नये, असा दंडक होता. कारण तो पैसा खरोखर सावकारांचा. वर्षांतून एकदां आपले हिशेब नीट तपासावे आणि तोल जात आहे असें दिसतांच अनुभवी माणसांचा सल्ला घ्यावा, असाहि उपदेश ते करीत. दिवाळ्याचें दुःख दिवाळें निघण्यापूर्वीं ओळखणें, हा त्यांच्या शिस्तीचा उत्तम भाग होता.

या शिस्तीची झळ किती तीव्र होती हें एलिझाबेथ फ्राय यांच्या चरित्रावरून दिसतें. न्यूगेट तुरुंगांतील स्त्रियांची स्थिति सुधारण्यासाठीं १८१३ पासून झटणाऱ्या या साध्वीचें नांव युरोपभर झालें होतें. १८२८ च्या नोव्हेंबरांत त्यांचे पति जोसेफ फ्राय यांची पेढी बुडाली. राहतें घर सोडावें लागलें. पुढच्याच वर्षीं क्वेकर मंडळीनें जोसेफ यांना पंथांतून काढलें. ज्या मंडळींत एलिझाबेथ उपदेश करीत तिनेंच त्यांच्या पतीला बाहेरचा ठरविलें. पेढींतल्या ठेवीदारांपुढें मंडळीची मान ताठ राहावी, हा हेतु समजण्यासारखा आहे. तरीहि पडलेल्या माणसाला दार बंद करणें, ही फेडीची आज्ञा पाळण्याची रीत म्हणावी कीं माफीची विसरण्याची, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. धनकोंनीं सोडलें असतें तरी तिऱ्हाइतानें सोडलें नाहीं, असा हा प्रसंग आहे.

त्याच सुमारास स्कॉटलंडांत सर वॉल्टर स्कॉट यांच्यावर सुमारें १,२०,००० पौंडांचें संकट १८२६ सालीं कोसळलें. दिवाळें काढून मोकळें होणें त्यांना शक्य होतें. त्यांनीं तें नाकारून लेखणीच्या बळावर फेड करण्याचा करार केला, सहा वर्षें अविश्रांत लिहिलें, आणि १८३२ सालीं देह ठेविला. त्यांच्या पुस्तकांच्या हक्कांतून १८४७ सालीं शेवटची बाकी फिटली. ही कथा आपल्याकडील जुन्या शिक्षित पिढीच्या आवडीची. पण तींतील एक गोष्ट विसरूं नये. स्कॉटच्या सावकारांनीं त्यांना मुदत दिली, राहतें घर ठेवूं दिलें, हातांत लेखणी राहूं दिली. त्यांना तुरुंगांत टाकलें असतें तर कोणालाच कांहीं मिळालें नसतें. ऋणकोच्या फेडीला धनकोच्या संयमाची जोड मिळाली, म्हणून ती फेड शक्य झाली. १८२४ सालीं एका बेकरीवाल्याच्या चाळीस पौंडांपायीं मार्शलसी तुरुंगांत गेलेल्या जॉन डिकन्स यांना अशी जोड मिळाली नव्हती. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा चार्लस बूटपॉलिशच्या कारखान्यांत बाटल्यांवर कागद चिकटवीत होता. १८६९ च्या कायद्यानें इंग्लंडांत कर्जासाठीं कैद बहुतांशीं बंद झाली.

इंग्रजी कायद्याचा हा प्रवाह १८२८ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत नादार ऋणकोंच्या न्यायालयांच्या रूपानें आला. पुढें १८४८, १९०९ व १९२० चे कायदे झाले, आणि २०१६ सालीं नवी संहिता आली. येथें त्याला एक निराळी भूमि मिळाली. ऋण हा शब्द आपल्याकडे मुळांतच धार्मिक आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मतो अशी आपली समजूत. बापाचें कर्ज फेडणें हें मुलाचें धर्मकर्तव्य. दुसऱ्या बाजूनें व्याज मुद्दलाच्या वर जाऊं नये हा दामदुपटीचा नियमहि आपलाच. ऋणकोला फेडीचा आणि धनकोला संयमाचा धडा आपल्या पूर्वजांनींहि वेगवेगळा दिला होता. १८६६ च्या मुंबई इलाख्यांतील कायद्यानें वडिलांच्या कर्जाची मुलावरील जबाबदारी वारशानें मिळालेल्या मालमत्तेपुरती ठेविली, आणि २००५ च्या दुरुस्तीनें पुढील कर्जांपुरतें तें धर्मकर्तव्य कायद्यांतून गेलें. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निर्णय दिला कीं केवळ दारिद्र्यामुळें फेडूं न शकणाऱ्याला कैदेंत टाकणें घटनेला मान्य नाहीं. शक्य असून न देणारा आणि शक्य नाहीं म्हणून न देणारा, हा ऑगस्टीनचा भेद अखेरीस कायद्यानें ओळखला.

जुन्या योबेल वर्षाची आठवण अलीकडेहि जागी झाली. गरीब राष्ट्रांचीं न फिटणारीं कर्जें २००० सालापर्यंत सोडावीं अशी चळवळ अनेक देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांनीं चालविली, आणि १९९८ च्या मे महिन्यांत बर्मिंगहॅम येथें जमलेल्या बड्या राष्ट्रांच्या प्रमुखांभोंवतीं सुमारें सत्तर हजार लोकांनीं हातांत हात घालून सांखळी केली. २०२५ च्या योबेल वर्षासाठीं पोप फ्रान्सिस यांनींहि तेंच आवाहन केलें. तेथेंहि प्रश्न तोच आहे: कर्ज सोडणाऱ्यानें सोडावें, पण घेणाऱ्या राज्यकर्त्यांनीं घेतलेला पैसा कोठें गेला याचा हिशेब द्यावा.

श्रोतेहो, न्यायालयानें सोडलेलें देणें फेडावें कीं नाहीं, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाहीं. ऐपत आली असेल, आणि मुलांच्या तोंडचा घास काढावा लागत नसेल, तर फेडणें हा त्या मनुष्याच्या सद्‌बुद्धीचा भाग आहे. सक्ती उरलेली नाहीं म्हणूनच त्या फेडीला मोल आहे. परंतु तें त्यानें स्वतःला सांगावयाचें. आपण त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. आपण सावकार असूं तर आपलें काम मुदत देण्याचें, उंबरठ्याबाहेर उभें राहण्याचें, आणि जें येण्याजोगें नाहीं तें सोडण्याचें. आणि आपण नुसते शेजारी असूं तर?

आज घर, वाहन, मुलांचें शिक्षण, सारें हप्त्यांवर चालतें. कोणत्या बिऱ्हाडांत हप्ता चुकला आहे हें शेजारच्या बिऱ्हाडाला बहुधा शेवटीं कळतें, आणि कळतें तेव्हां तें चर्चेचा विषय होतें. तुरुंगाचीं दारें कायद्यानें उघडलीं. पण बदनामीचा तो पादुआचा दगड आपण अजून दारोदार ठेवलेला आहे. तो उचलण्यासाठीं कायद्याची गरज नाहीं. अडचणींत आलेला मनुष्य वेळींच तोंड उघडूं शकेल, त्याच्या हिशेबाच्या वहीवर कोणीतरी जाणता मनुष्य त्याच्याबरोबर बसेल, आणि दिवाळें निघालेंच तर दुसऱ्या दिवशीं त्याला कोणी कामावर घेईल, एवढें तिऱ्हाइताच्या हातांत आहे. आपल्यापैकीं बहुतेकजण बहुतेक वेळां तिऱ्हाईतच असतात.